सासूबाईंना विचारलंत का?

प्रश्न : ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ४६. मिस्टर पतसंस्थेत आहेत, मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला धाकट्या नणंदेकडे जायचं ठरलंय. तिचे मिस्टर मोठ्या कंपनीत आहेत आणि हौशी आहेत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोअर परळच्या एका भारी बोलिंग अ‍ॅलीत त्यांनी आम्हा आठही जणांचं बुकिंग केलंय. नणंदेने फोटो पाठवले. निळे-जांभळे दिवे, गुबगुबीत सोफे, आरशासारख्या लाकडी पट्ट्या, आणि सगळ्या बायका पँटीत नाहीतर वन-पीसमध्ये. खाली लिहिलंय, ‘स्मार्ट कॅज्युअल घालून या.’ मी घरी साडी नेसते, बाहेर फार तर पंजाबी ड्रेस. तो चेंडू जन्मात हातात धरलेला नाही. मुलं आतापासूनच व्हिडिओ बघतायत आणि मला म्हणतात, ‘मम्मी, तू पडू नको हं!’ तिथे दारूही मिळते म्हणे. बिलाची मिस्टरांना धास्ती आहे, पण ते तोंडाने बोलणार नाहीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात. सासरे गिरणीत होते, त्यामुळे लग्नानंतरची काही वर्षं त्यांनी डिलाईल रोडला काढली, संपानंतर सगळे गावी आले. मी म्हणते, सासूबाईंना सोबत म्हणून मी घरीच थांबते, असं सांगावं. कुणाला वाईटही वाटणार नाही. बरोबर ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर :

तुमच्या पत्रात सासूबाईंचं वय आलं, गुडघे आले, त्या घरी थांबणार हेही आलं. त्या स्वतः काय म्हणाल्या, ते मात्र पत्रभर कुठे सापडलं नाही. बहुतेक त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. सून घरी थांबणार, कारण सासूला सोबत हवी. सासू घरी थांबणार, कारण सुनेनं तसं परस्पर ठरवून टाकलंय. ऐनवेळी त्या ‘मीपण येते की’ म्हणाल्या, तर तुमचं निमित्त पार बोंबललं!

म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. तुम्ही जा. आणि सासूबाईंना विचारा. विचारताना ‘तुम्हाला काही झेपायचं नाही, होय ना?’ असं उत्तर त्यांच्या तोंडात घालून विचारू नका. ‘लोअर परळला जायचंय, येताय का?’ एवढंच विचारा.

लोअर परळचं नाव मुद्दाम घ्या. तुम्हाला त्या फोटोत सोफे आणि दिवे दिसले, मला तुमच्या पत्रातली डिलाईल रोडची ओळ दिसली. डिलाईल रोड म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग. लोअर परळ स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर. त्या भागातले आजचे मॉल, ऑफिसं, हॉटेलं यांतली कितीतरी जुन्या कापड गिरण्यांच्या आवारात उभी आहेत. फिनिक्स मिल, कमला मिल ही नावं पत्त्यांमध्ये अजून आहेत, माग मात्र कधीच बंद पडले. सातारा-सांगलीकडची माणसं घाट उतरून याच गिरण्यांत लागली. खानावळीत जेवायची, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायची आणि महिन्याला गावी मनिऑर्डर करायची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या कितीतरी घरांनी पुढे तुमच्या सासऱ्यांसारखाच गावचा रस्ता धरला.

गिरणीच्या भोंग्याबरोबर उठून जिने डबे भरले, तिला त्या जागेचं आता काय झालंय ते बघावंसं वाटेल की नाही, हे तुम्ही-मी कसं ठरवायचं? कदाचित त्या म्हणतील, ‘मला नाही जायचं तिकडं.’ तेही समजण्यासारखं आहे. संपाच्या काळातल्या सगळ्याच आठवणी काही हौसेने काढण्यासारख्या नसतात. पण ‘हो’ असो की ‘नाही’, ते त्यांच्या तोंडून येऊ दे. आणि ‘हो’ म्हणाल्या, तर त्या दिवशी अर्धा-पाऊण तास आधी निघा आणि गाडी डिलाईल रोडवरून घ्यायला सांगा. तिथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे जुनं सगळं सापडेलच असं नाही. तरी रस्ता ओळखीचा निघेल. नातवंडांना आजीची तेवढी मुंबई बघायला मिळाली, तर पुढचं बोलिंग नाही जमलं तरी चालेल, असं आपलं माझं मत.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येते. लोक हसतील.

लाकडी पट्टीवरून चेंडू सोडायचा आणि टोकाला उभ्या केलेल्या पिना, म्हणजे बाटलीसारखे खुंट, पाडायचे, असा हा बोलिंगचा खेळ मुळात नबाबी नाहीच. अमेरिकेत तो गेल्या शतकात कारखान्यातल्या कामगारांचा संध्याकाळचा विरंगुळा होता. पाळी सुटली की एकेका कारखान्याचे संघ नाव छापलेले शर्ट घालून खेळायला जायचे. सगळीकडे नियम एकसारखे व्हावेत म्हणून न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली अमेरिकन बोलिंग काँग्रेस निघाली, म्हणजे तोवर तो गावोगावी आपापल्या पद्धतीने खेळला जात होता. आज पिना उचलून पुन्हा उभ्या करायला पाठीमागे यंत्र असतं. असं पूर्ण स्वयंचलित यंत्र लोकांना १९४६ मध्ये पहिल्यांदा दाखवलं गेलं. त्याआधी पट्टीच्या त्या टोकाला पोरं बसलेली असायची. चेंडू आला की उडी मारून पाय वर घ्यायचे, मग खाली उतरून पिना हाताने मांडायच्या आणि चेंडू परत ढकलायचा, रात्री उशिरापर्यंत, किरकोळ पैशांवर. आपल्याकडे हाच खेळ सोफे आणि दिवे घेऊन थेट गिरणीच्या जागेवर आला आणि उच्चभ्रू झाला. गंमतच आहे.

तेव्हा भारी ठिकाण म्हणजे सोफे भारी, दिवे भारी आणि बिल भारी. पट्टी तीच. चेंडू सोडायच्या रेघेपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट, रुंदीला जेमतेम साडेतीन फूट. टोकाला त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना, प्रत्येक १५ इंच उंच. नेहमी खेळणारी माणसं स्वतःचे बूट आणि स्वतःचा चेंडू घेऊन येतात, आणि सणासुदीच्या संध्याकाळी गर्दीत धडपडायला ती सहसा येत नाहीत. त्या वेळी असतात ते वाढदिवसवाले, ऑफिसच्या पार्टीवाले आणि तुमच्यासारखे पाहुणे. प्रत्येकाचं लक्ष आपल्या डोक्यावरच्या पडद्याकडे नाहीतर स्वतःच्या मोबाइलकडे. चेंडू गटरमध्ये गेला, म्हणजे पट्टीच्या कडेच्या पन्हळीत गेला, तर तुमच्याच सोफ्यावरची मंडळी ‘अर्रर्र’ करतील आणि पाच मिनिटांनी त्यांचाही जाईल.

कपड्यांचं म्हणाल तर ‘स्मार्ट कॅज्युअल’चा धाक तुमच्यापेक्षा मिस्टरांना जास्त आहे. हाफ पँट आणि रबरी चप्पल घातलेल्या पुरुषाला अशी ठिकाणं दारात अडवतात, साडीतल्या किंवा पंजाबी ड्रेसमधल्या बाईला कोण अडवणार? साडीची अडचण आत आहे, खेळताना. चेंडू सोडताना डावा पाय पुढे घसरत जातो, गुडघा वाकतो आणि उजवा पाय मागून तिरका जातो. निऱ्या नेमक्या त्याच वेळी पायात येतात, आणि पदर हाताच्या वाटेत. नऊवारी नेसत असतात तर प्रश्नच नव्हता, पण ते धाडस तुम्ही काही करणार नाही. गुडघ्यापर्यंतचा, बाजूला चिरा असलेला कुडता आणि खाली लेगिंग हा त्यातल्या त्यात सोयीचा वेश. घोळदार अनारकली नको. ओढणी घरी ठेवा, नाहीतर दोन्ही खांद्यांना पिन लावून टाका. मंगळसूत्र लांब असेल तर कुडत्याच्या आत. उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या त्या संध्याकाळपुरत्या डाव्या हातात चढवा. आणि उजव्या हाताच्या अनामिकेत अंगठी असेल तर ती आठवणीने काढून पर्समध्ये ठेवा, कारण चेंडूच्या भोकात हेच बोट जातं. नखं आदल्या रात्री कापा.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू मी मुद्दाम वेगळी सांगते : मोजे. तिथे बूट त्यांचेच घालावे लागतात, आणि दिवाळीत चपला-सँडल घालून निघालेल्या घरात एकाच्याही बॅगेत मोजे नसतात. मग काउंटरवर नग मोजून विकत घ्या. सासूबाईंसकट सगळ्यांचे जोड भरा. बुटांचा तळ गुळगुळीत असतो तो शेवटच्या पावलाला पाय सहज सरकावा म्हणून. हा तळ ओला झाला की सरकायच्या ऐवजी जागच्या जागी चिकटतो, आणि अंगाचा भार पुढे गेलेला असतो. पडणारे बहुतेक असेच पडतात. ते बूट घालून बाथरूमला जायचं नाही, आणि कोणी सरबत सांडलं असेल तर त्यावर पाय द्यायचा नाही. मुलं तुम्हाला ‘पडू नको’ म्हणतात ना, त्यांना हे आधी सांगा. पाण्याची बाटली उघडी टाकणारं कोण आहे घरात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

चेंडूवर आकडा असतो, तो पौंडांचा. सगळ्यात जड १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास. तुम्हाला आठ-नऊ पौंड पुरे, साधारण चार किलो. मुलीला तेवढाच, मुलाला सात-आठ. मिस्टरांनी दहा-बारापासून सुरुवात करावी, पाहुण्यांनी, म्हणजे नणंदेच्या मिस्टरांनी, १४ चा उचलला म्हणून यांनीही उचलायचा नाही. (उचलतीलच. मेव्हण्यासमोर कोण दहाचा उचलतो?) वजनाइतकंच भोकांकडे बघा. अंगठा पूर्ण आत जातो, मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत. हलक्या चेंडूंची भोकं बहुधा बारीक असतात, लहान मुलांच्या बोटांच्या अंदाजाने पाडलेली. धुणंभांडी, पोळ्या करून बोटं जाड झालेल्या बायकांना आठ पौंडांचा चेंडू पेलतो, पण अंगठा जात नाही. कसाबसा घातला तर सुटताना अडकतो आणि चेंडूबरोबर हातही ओढला जातो. अशा वेळी ओढाताण करू नका, दहाचा बघा. उलट भोक फार सैल असेल तर चेंडू हात मागे गेलेला असतानाच निसटतो आणि सोफ्यावर बसलेल्यांच्या पायाशी जातो. अंगठा घाला, अलगद काढा. न अडकता, न खडखडता निघाला की तो चेंडू तुमचा. रंग लक्षात ठेवा.

चेंडू परत येतो तो यंत्राच्या तोंडातून, रांगेत. तिथून उचलताना दोन्ही तळवे दोन बाजूंना लावून उचला. दोन चेंडूंच्या मध्ये बोटं घालू नका, मागून दुसरा आला की बोटं चेंगरतात. आठवीतल्या मुलाला हे दोनदा सांगा.

टाकण्याबद्दल थोडक्यात. उजव्या हाताचा अंगठा वरच्या बाजूला, कुणाशी हस्तांदोलन करताना असतो तसा. चेंडू छातीशी धरून उभं राहायचं, चार पावलं चालायचं, चालता चालता हात मागे आणि मग पुढे. लगोरीत आपण नेम धरून फेकतो, तसं इथे फेकायचं नाही. हात झोक्यानं पुढे आला की चेंडू जमिनीलगत नुसता सोडायचा. जोर लावाल तितका तो वाकडा जातो. नजर पिनांवर नको, त्या फार लांब. पट्टीवर रेघेपासून साधारण १५ फुटांवर सात बाण काढलेले असतात, त्यातला मधला किंवा त्याच्या उजवीकडचा धरा आणि चेंडू त्यावरून गेला की नाही एवढंच बघा. पहिल्या पिनेच्या बरोब्बर नाकावर बसलेला चेंडू दिसायला झकास दिसतो, पण दोन टोकांच्या पिना उभ्या ठेवून जातो. पहिल्या पिनेच्या किंचित उजवीकडे बसलेला जास्त पाडतो.

समोरची काळी रेघ मात्र ओलांडायची नाही. ओलांडली तर पडलेल्या पिना धरत नाहीत, हा झाला नियम. दुसरं कारण नियमापेक्षा मोठं आहे : रेघेपलीकडे पट्टीला तेल लावलेलं असतं, बराच लांबपर्यंत, फक्त पिनांकडचा शेवटचा भाग कोरडा. दिव्यांच्या झगमगाटात ते तेल दिसत नाही. अडकलेला चेंडू आणायला किंवा फोटोसाठी म्हणून कुणीही पलीकडे पाऊल टाकायचं नाही, तिथल्या माणसाला हाक मारायची. आणि शेजारच्या पट्टीवर, विशेषतः उजवीकडच्या, कोणी चेंडू घेऊन उभं असेल तर त्याला आधी टाकू द्यायचं. एवढा एक रिवाज पाळलात की तुम्ही पहिल्यांदा आलात हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

गुण पडदा मोजतो, तुम्ही वही काढू नका. मुलांसमोर अडाणी दिसायचं नसेल तर एवढंच : प्रत्येकाला दहा डाव, डावात दोन चेंडू. पहिल्याच चेंडूत दहाही पडल्या तर स्ट्राइक, दहा अधिक पुढच्या दोन चेंडूंचे गुण. दोन चेंडूंत मिळून दहा पडल्या तर स्पेअर, दहा अधिक पुढच्या एका चेंडूचे. म्हणजे तुमचा स्ट्राइक पडला आणि पुढच्या डावात सात आणि दोन पडल्या, तर पहिल्या डावाचे १९, आणि दोन डाव मिळून २८. सगळे स्ट्राइक पडले तर ३००. पहिल्याच दिवशी पन्नास-साठच्या पुढे गेलात तर खुशाल मान वर करून बसा.

सासूबाई आल्या तर त्यांनी नुसतं पर्स सांभाळत बसायचं, हे मला पटत नाही. लहान मुलांसाठी आणि चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी रॅम्प असतो. उतरती चौकट असते, तिच्या माथ्यावर चेंडू ठेवून द्यायचा आणि बोटाने ढकलायचा, वजन पेलायची गरज नाही. चेंडू वर ठेवायचं काम नातवाचं, ढकलायचं आजीचं. दिशा धरून हळू सोडलेला चेंडू पिना बऱ्यापैकी पाडतो, तेव्हा त्या तुमच्या पुढे गेल्या तर रुसू नका. पट्टीजवळ जायचं तर त्यांनाही ते बूट लागतील, वाकून बंद बांधायला तुमच्या मुलीला बसवा. सोफे खोल आणि ठेंगणे असतात, दुखऱ्या गुडघ्यांना त्यातून उठणं म्हणजे शिक्षा. साधी ताठ खुर्ची मागून घ्या, देतात. गटरवर उभ्या राहणाऱ्या कडांना बंपर म्हणतात, त्या लावल्या की चेंडू बाहेर जात नाही. अनेक ठिकाणी त्या एकेका खेळाडूच्या नावापुरत्या लावता येतात. तुमच्या मुलाला त्या घेताना लाज वाटेल, तुम्ही बिनदिक्कत घ्या.

आवाजाची मात्र सोय नाही. गाणी मोठ्याने लावतात, त्यात पिनांचा धडधडाट. संध्याकाळी पाच-सहाची वेळ आठ-नऊपेक्षा बरी, दरही काही ठिकाणी कमी असतो. बुकिंग बदलता येत असेल तर नणंदेला आत्ताच सांगा. तेव्हाच दारूचंही विचारून घ्या. अशा ठिकाणी बार असतोच बहुतेक, आणि काही जागी ठरावीक वेळेनंतर मुलांना आत घेत नाहीत. बारावीची मुलगी आणि आठवीतला मुलगा दारात उभे राहण्यापेक्षा फोन केलेला बरा. बार आहे म्हणून टेबलावर काही आलंच पाहिजे असं नाही. पाहुण्यांनी स्वतःपुरती बिअर मागवली तर ते त्यांचं ते बघतील. आईसमोर नको असेल तर ते त्यांना नणंदेनं सांगायचं, तुम्ही त्यात पडू नका.

राहिलं बिल. कुठे माणशी एका गेमचा दर असतो, कुठे पट्टीचा तासावर. शनिवार-रविवारी आणि सणाला चढा. बूट कधी त्यातच धरलेले, कधी वेगळे. तासावर असेल तर आठ माणसं, दोन पट्ट्या आणि एकेक गेम याला पाऊण ते एक तास जातो. फोटो आणि खाणं त्या तासात नको, नंतर करा. खाण्याचाच आकडा खेळाच्या वर जातो, म्हणून घरून पोटभर खाऊन निघा. भडंगाची पिशवी पर्समध्ये घालून नेऊ नका, बाहेरचं खाणं आत चालत नाही आणि कुरकुर आवाजाने पकडल्या जाल. भडंग, बेदाणे नणंदेच्या घरी पोचवा.

बोलावणं पाहुण्यांचं, बुकिंग त्यांचं, तेव्हा बिल ते देणार हे उघड आहे. मिस्टरांची धास्ती पैशांची कमी आणि काउंटरवरच्या प्रसंगाची जास्त आहे, असा माझा अंदाज. ‘अहो राहू द्या’, ‘छे छे, मी देतो’ ही ओढाताण, आणि त्यात यांचा हात खिशात अडकलेला. तो प्रसंग येऊच द्यायचा नसेल तर निघायच्या आधी मिस्टरांनी स्वतः बहिणीला फोन करावा. तुम्ही नाही, त्यांनी. ‘खेळ तुमच्याकडून, दुसऱ्या दिवशीचं सगळ्यांचं जेवण आमच्याकडून,’ एवढं एक वाक्य. जेवण कुठे, किती खर्चाचं, ते तुमच्या हातात राहील. ते फोन करणार नाहीत असं म्हणाल, तर भाऊबीजेला ओवाळणी घालतानाच म्हणू देत, तेव्हा तर तोंड उघडावंच लागतं.

आणि एक गेम खेळून पुरे झालं तर पुरे म्हणा. दुसरा गेम मुलं तुमच्या नावाने आनंदाने खेळतील. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताने खेळणाऱ्याची डावी मांडी धरते आणि उजवा अंगठा ठणकतो, तेव्हा त्या दिवशी जिने चढण्याचे बेत नकोत. परतीचं तिकीट महालक्ष्मी एक्स्प्रेसचं त्याच रात्रीचं असेल तर सासूबाईंबरोबर तुमच्यासाठीही खालचाच बर्थ बघा. वर मिस्टर जातील. त्यांनी १४ पौंडांचा उचलला नसेल तर.